आईचा हॉर्न

आमच्या गाडीचं स्टिअरिंग बाबांचं आणि हॉर्न आईचा. ही वाटणी कोणी बसून ठरवली नव्हती, ती बाबांच्या स्वभावातून झाली. बाबांचं वर्ध्यात लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, कोयंडे, पत्रे अशा खणखणाटात आयुष्य गेलं, पण हा माणूस कधी आवाज चढवून बोलला नाही. हॉर्न वाजवणं म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर खेकसणं, असं त्यांचं ठाम मत आहे. "तो चालून राह्यला ना आपल्या वाटेनं? होईन बाजूले, त्याले वाटलं म्हणजे," असं म्हणत ते म्हशींच्या कळपामागंसुद्धा दहा-दहा मिनिटं शांतपणे गाडी चालवतात.

मी लहान असताना एकदा आम्ही आष्टीला आत्याकडे निघालो होतो. आर्वीच्या अलीकडे कापसानं भरलेली बैलगाडी पुढं आली. रस्ता अरुंद, गाडीवान वर कापसावर आडवा झालेला, आणि बाबा त्याच्या मागं बैलांच्या चालीनं. गाडी तेव्हाही जुनीच होती. एका कापूस व्यापाऱ्यानं वापरून वापरून विकलेली, गोल नाकाची, पुढं एकच सलग सीट असलेली. इतकं हळू चालणं तिला सोसेना. इंजिनातलं पाणी उकळून वाफ यायला लागली, तरी बाबा ढिम्म. शेवटी शेजारी बसलेल्या आईनं उजवा हात लांबवला आणि स्टिअरिंगच्या मधोमध असलेलं ते तळहाताएवढं गोल बटण दाबून धरलं. गाडीवान उठून बसला, मागं बघून हसला आणि त्यानं बैल बाजूला घेतले.

"झालं, एवढंच होतं," आई म्हणाली.

तेव्हापासून तो हॉर्न तिचा. तिला गाडी चालवता येत नाही, पण हॉर्नचं शास्त्र तिनं स्वतःचं असं तयार केलं. बकरीला एकदा, तेही प्रेमानं. सायकलवाल्याला दोनदा. गाणी लावून मधोमध चालणाऱ्या ट्रॅक्टरला मात्र तो वळेपर्यंत. शिवाय ओळखीचं कोणी दिसलं की रामरामाच्या जागी. बाबा स्टिअरिंग धरून समोर बघत राहायचे, जणू त्या आवाजाशी त्यांचा काही संबंध नाही. मला वाटतं, त्यांच्या संसारात सगळीच भांडणं अशी आईनं परस्पर करून टाकली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मी राहते पिपरी मेघेला आणि आईबाबा नालवाडीत, त्यामुळे दिवसाआड माझी चक्कर असते. गेल्या वर्षी श्रावणात आईला अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं ठीक, पाय ठीक, पण उजवा हात जड पडला. डॉक्टर म्हणाले, हात परत येईल, मात्र वापरला तर. दाबायला म्हणून त्यांनी रबराचा चेंडू दिला. "मले काय किरकेट खेळायले जायचं हाय?" असं म्हणून आईनं तो दार आपटू नये म्हणून दारामागं अडकवून ठेवला.

तरी तिचं बरं चाललं होतं. हळूहळू पोळ्या करायला लागली. पहिली पोळी झाली ती कोणत्याच बाजूनं गोल नव्हती. बाबांनी ती हातात घेऊन सांगितलं, "अशी गोल पोळी तं तू लग्नानंतर बी नाई केली." बाबा खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात. आईनं कानांकडे पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली. त्या दिवसांत कौतुक करण्यात आम्ही दोघांनी कसलीही कसर ठेवली नाही. तिनं पेला उचलला तरी वा, साडीची निरी घातली तरी वा. हे कौतुक पुढं आमच्याच अंगाशी येणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

दसऱ्याला बाबांनी गाडी धुऊन अंगणात उभी केली. आईची पूजा दरवर्षी ठरलेली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांना हळदकुंकू, आरशाला झेंडूचा हार. आणि सगळ्यात शेवटी आत बसून हॉर्नच्या बटणावर ओल्या कुंकवाचा टिळा आणि वर अक्षता. ते गाडीचं कपाळ, असं ती म्हणते. लावलेलं कुंकू पुसायचं नाही, ते आपोआप जाऊ द्यायचं, हाही तिचा नियम. मी म्हटलं, "यंदा डाव्या हातानं लाव, नाहीतर मी लावते." तिनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "पूजा डाव्या हातानं करतेत काय?" मग तिनं जड झालेल्या उजव्या हातानंच केलं सगळं. हात थरथरत होता, कुंकू पातळ झालं होतं, ते बटणावरून कडेला ओघळलं. अक्षता चिमटीत राहीनात म्हणून मूठभर ओतल्यासारख्या पडल्या. मी बाजूला उभी राहून कौतुकानं मोबाइलवर फोटो काढत होते.

त्यानंतर काही दिवसांनी आष्टीला आत्याच्या नातीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. आईबाबा दोघंच गाडीनं गेले. तिथं त्या दिवशी नेमका आठवडी बाजार. रस्त्यात एक बकऱ्यांचा घोळका आडवा आला. आईनं सवयीनं हात लांबवून बटण दाबलं. आवाज आला नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. बाबांनी एव्हाना गाडी थांबवलीच होती, त्यांचं लक्ष बकऱ्यांकडे. आईनं हात मागं घेतला आणि पदराखाली घेऊन बसली. परत येताना ती मागच्या सीटवर बसली. पाय लांब करायचे आहेत म्हणाली. बाबांना ते पटलं. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं, तुम्हाला आधी सांगते आहे एवढंच.

मला दिसत होतं ते वेगळंच. आई डाव्या हातानं चमच्यानं जेवायला लागली. भाजी चिरायचं बंद झालं. दिवाळीनंतर एका कागदावर सही हवी होती म्हणून तिला बँकेत नेलं, तर तिनं पेन माझ्याकडे परत दिला आणि काउंटरवरच्या बाईंना शाईचं पॅड मागितलं. चार बुकं शिकलेली, वळणदार सही करणारी माझी आई, तिनं अंगठा उठवला. मला राग आला. माझा स्वभाव असा आहे की वाईट वाटलं की मला आधी राग येतो. रस्ताभर मी तिला सुनावलं की डॉक्टरांनी सांगितलेलं तू करत नाहीस, तुला बरंच व्हायचं नाही. ती रिक्षातून बाहेर बघत होती.

संक्रांत जवळ आली. आमच्याकडे तिळाचे लाडू आईचे, आणि ते शेजारीपाजारी नावाजलेले. मी तीळ घेऊन गेले तर म्हणाली, "यंदा बजारातूनच आण."

मग मात्र माझा तोल सुटला. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलावर बोलते तशी मी बोलले. तू प्रयत्नच करत नाहीस, असं म्हटलं. बाबा मध्ये "जाऊ दे, जाऊ दे" करत होते.

आई शांतपणे म्हणाली, "माह्या हातानं गाडीचा हॉर्न बी दबत नाई व. अन् तू लाडू वळायचं सांगून राह्यली."

मी सुचलं ते बोलून गेले, "हॉर्न बिघडला असेल!"

"हो, हो, बिघडलाच हाय तो," बाबा लगेच म्हणाले. त्यांना त्यातलं काहीही माहीत नव्हतं. कान लालभडक.

"तुमचं नका सांगू," आई म्हणाली. "तुमी माही पोळीबी गोल म्हणता."

मी तरातरा अंगणातल्या शेडमध्ये जाऊन गाडीत बसले. आई दारात येऊन उभी राहिली. "हे बघ, वाजतच नाही," असं म्हणून मी दोन्ही अंगठे बटणावर ठेवले आणि तोवर साठलेला सगळा राग, माझ्या भरभक्कम देहासकट, त्यावर घातला.

पोंऽऽऽ.

शेडच्या पत्र्यावरच्या चिमण्या उडाल्या. आई वळून आत गेली. आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला आहे, पण त्या एका आवाजाइतका मोठा केला नसेल.

मी तिथंच बसून राहिले. जरा वेळानं पुन्हा दाबून पाहिलं, या वेळी साधं. काही नाही. जरा जोरात, तरी नाही. पुन्हा दोन अंगठ्यांनी, तरी नाही. बाबा आले. त्यांना म्हटलं, तुम्ही दाबा. त्यांनी तो हॉर्न जन्मात पहिल्यांदाच दाबला असावा. बटणाची परवानगी मागितल्यासारखा दाबला. काही नाही. म्हणजे हॉर्न खरंच बिघडला होता, आणि दसऱ्यापासून ते घरात कोणाला कळलं नव्हतं. कळणार कसं? बाबा हॉर्न वाजवत नाहीत आणि आई मागं बसत होती.

दुसऱ्या दिवशी बाबा मला न सांगता नवा हॉर्न घेऊन आले. चकचकीत, दुप्पट मोठा, दोन सुरांत ओरडणारा. वीज पोचते का, वायर कुठं तुटली का, काही पाहायचं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं येऊन जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. शांत. मग त्यानं गालातला तंबाखूचा खर्रा एका बाजूला सारला, नवा काढून जुना पुन्हा लावला, त्याच्या वायरींची टोकं घासली, स्क्रू आवळले आणि हातोड्यासारखा अंगठा बटणावर ठेवून दाबला. वाजला.

"पाहा काकाजी, वाजते ना? जुनी गाडी हाय. जरा जोर लावून दाबा लागते फक्त."

आई खिडकीत होती. तिनं ऐकलं. त्याच संध्याकाळी मी निघताना तिनं आपला शिवणकामाचा डबा माझ्या पिशवीत ठेवला. सुया, रिळं, बटणं, तिची कात्री. "घेऊन जाय. तुह्या कामी येईन," एवढंच म्हणाली. मी पिपरी मेघेपर्यंत रडत दुचाकी चालवली, आणि घरी पोचेपर्यंत त्याचा राग झाला होता. या वेळी तो राग कामाचा होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी मिस्त्रीकडून दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब मागून घेतला आणि नालवाडीला गेले. बाबांना म्हटलं, आता मी बघते, तुम्ही फक्त सांगितलं ते धरा. विद्युत परिपथ मी दरवर्षी आठवीला फळ्यावर काढून शिकवते. बॅटरीतून वीज निघते, हॉर्नमध्ये शिरते, हॉर्नमधून एका वायरनं स्टिअरिंगच्या दांड्यातून वर बटणापर्यंत येते आणि तिथं थांबते. बटण दाबलं की त्या वायरचं टोक गाडीच्या लोखंडाला टेकतं, वर्तुळ पूर्ण होतं आणि हॉर्न वाजतो. इतकं सोपं. मुलं चुकली की मी त्यांना उभं करते. आणि स्वतःच्या घरी मी दोन अंगठ्यांनी प्रयोग केला होता.

पहिल्यांदा बल्बची एक वायर हॉर्नच्या वीज येणाऱ्या टोकाला लावली, दुसरी गाडीच्या पत्र्याला. बल्ब लागला. म्हणजे वीज येत होती. मग हॉर्नच्या दुसऱ्या टोकाला एक तार लावून बाबांच्या हातात दिली आणि म्हटलं, ही पत्र्याला टेकवा. त्यांनी टेकवली आणि हॉर्न असा काही ओरडला की ते उडालेच. फाटकासमोरून एक गृहस्थ पिशवी घेऊन चालले होते, ते थबकले. बाबा तार टाकून फाटकाशी गेले आणि त्यांची माफी मागून आले. "चुकून झालं हो," असं दोनदा सांगितलं.

"बाबा, हॉर्न ठणठणीत आहे," मी म्हटलं.

मग खाली वाकून, स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी जिथं ती वायर वर जाते तिथं तिचा जोड सोडवला आणि खालचं टोक पत्र्याला टेकवलं. पुन्हा पोंऽऽ. या वेळी बाबा फाटकाकडे बघून तयारीतच होते, पण कोणी नव्हतं. म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक. उरलं काय, तर दांड्यातली हातभर वायर आणि बटण. नवा हॉर्न आणला, मिस्त्री झाला, वायरी घासल्या, आणि ज्याच्यावर आम्ही सगळे अंगठे टेकवत होतो ते बटण उघडून कोणी पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बटणाच्या मागच्या बाजूनं तीन बारीक स्क्रू होते, गंजलेले. बाबांनी आयुष्यभर स्क्रू विकले, पण स्वतः एकही कसलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी रॉकेलचे दोन थेंब सोडले, पाच मिनिटं थांबले, आणि तिन्ही स्क्रू हळुवार फिरवून काढले. घाई न करण्याचा त्यांचा गुण मला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला. बटण सुटलं, खालची स्प्रिंग उडून सीटखाली गेली, आणि आम्ही दोघांनी आत पाहिलं.

आत दसरा भरला होता. वर्षानुवर्षांचं कुंकू थरावर थर वाळून लाल खडा झालं होतं. त्यावर हळदीची पिवळी कड. एक वाळलेली झेंडूची पाकळी. आणि त्यात चिकटून बसलेले तांदूळ, तीन-चार तर थेट जिथं पितळेनं पितळेला टेकायचं तिथंच. दाणा मध्ये असल्यावर टेकणार कसं? दोन अंगठ्यांनी सगळा जोर घातला तर कधी दाणा जरा कलायचा आणि वाजायचं, नाहीतर नाही. थर जुना होता, पण दाणे यंदाचे होते. चांगले पांढरेशुभ्र. ते बटणाच्या कडेच्या फटीत पडताना मी स्वतः पाहिले होते, माझ्या मोबाइलमध्ये फोटोही होते.

मला इतका आनंद झाला की मी तिथंच टाळी वाजवली. बाबा मात्र सीटवर बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मुकाट्यानं ते कुंकू पुसायला घेतलं.

मी त्यांचा हात धरला. "काय करताय?"

"हे तिले नको सांगू," ते म्हणाले. "वायर तुटली होती म्हणू. चाळीस वर्षं पूजा केली तिनं या गाडीची. आता सांगू काय तिले, तुह्याच पूजेनं हॉर्न बंद पडला? अन् थे बी हात थरथरला म्हणून?"

त्यांचं म्हणणं मला क्षणभर पटलं. आपण साफ करून द्यावं, तिनं दाबावं, वाजावं, संपलं. बाबांनी सगळं आयुष्य असंच काढलं आहे, कोणाला लागेल असं काही बोलायचं नाही. पण मग मला तिची ती नजर आठवली, कानांकडे बघणारी.

"बाबा, साफ केल्यावर वाजेल. मग ती काय म्हणेल सांगू? मिस्त्रीकडून माझ्यासाठी नरम करून आणला, असं म्हणेल. तुमचं खरं मानेल का ती? माझं तरी मानेल? आपण तिच्या वाकड्या पोळीलाही वा म्हटलंय."

बाबांनी रुमालाची एकेक घडी घालत तो खिशात ठेवला. त्यांना वेळ लागतो.

"बलाव तिले," शेवटी ते म्हणाले.

आई पदराला हात पुसत आली. डावा हात. मी ते उघडं बटण एका स्टीलच्या ताटलीत ठेवून तिच्यासमोर धरलं.

"हे तं माहं कुंकू हाय," ती म्हणाली.

मी सुरू केलं. बॅटरीतून वीज निघते, हॉर्नमध्ये शिरते. दांड्यापर्यंत पोचले तेव्हा तिनं मला थांबवलं.

"मले आठवीत नको बसवू. एवढं सांग, हा तांदूळ मधात आला म्हणून नाई वाजला का?"

"हो."

"माह्या हातात जोर नाई म्हणून नाई?"

"नाही गं. साधं दाबलं तर माझ्याही हातानं वाजला नाही. हे दाणे बघ."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती बाबांच्या कानांकडे बघत होती. "तांदळानंच," बाबा म्हणाले. कान जसेच्या तसे, सावळे.

मला वाटलं, आता ती हसेल, किंवा पूजेचं ऐकून तिला वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. ती भडकली.

"म्हणजे दसऱ्यापासून मी डाव्या हातानं घास गिळून राह्यली, थे या चार तांदळापायी? बँकेत अंगठा देल्ला, थो यापायी? अन् तुमी वो? इतक्या दिवसात तुमाले एक डाव बी हॉर्न वाजवावा नाई वाटला? वाजवला असता तं तवाच समजलं असतं!"

"मी काऊन वाजवू?" बाबा म्हणाले. "तो तुहा हाय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.

मी ताटली घेऊन ती कुंडीत झटकायला निघाले तर ती ओरडली, "झटकू नको! पूजेचं हाय थे. कागद आण." कागद आणला. ती शेडच्या पायरीवर बसली, ताटली मांडीवर घेतली, अंबाड्यातला आकडा काढला आणि कुंकवाचा थर खरवडायला लागली. खडे कागदावर पडत होते, ते तुळशीत घालायचे होते. आकड्यानं सुटलेला तांदूळ मग ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पकडून कागदावर ठेवायची.

उजव्या हाताच्या.

तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. पूजेचं काम होतं, आणि पूजेच्या कामाला तिचा उजवाच हात पुढं येतो. हात थरथरत होता. एक दाणा खाचेत रुतला होता, तो दोनदा सुटला, तिसऱ्यांदा सुटला. मला राहवेना, मी पुढं झाले, तर बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांनी इतकं घट्ट मला कधी धरलं नव्हतं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. तिनं पुन्हा आकडा घातला, दाणा हलवला, चिमटीत धरला आणि कागदावर ठेवला. मग पुढचा.

सगळं निघाल्यावर बाबांनी पितळ घासून लख्ख केलं. मी सीटखाली सरपटत जाऊन स्प्रिंग शोधली. बटण बसलं, तीन स्क्रू कसले, खालची वायर जोडली. आई पुढच्या सीटवर येऊन बसली. तिनं हात लांबवला आणि दोन बोटं टेकवली. फक्त टेकवली.

हॉर्न वाजला.

तिनं बोटं उचलली, पुन्हा टेकवली. पुन्हा वाजला. मग तिनं हात मागं घेऊन मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. "मले वाटलं, गेला हा," ती म्हणाली. "डॉक्टर उगीच सांगते, तुमी उगीच वा-वा करता, खरं तं हा गेलाच हाय. मी कोणाले सांगतलं नाई." आणि ती रडायला लागली. दवाखान्यातसुद्धा ती रडली नव्हती. मीही रडले. इतके दिवस मी तिला आळशी म्हणत होते, हट्टी म्हणत होते, आणि ती एकटी आपला हात गेल्याचं दुःख करत घरात वावरत होती. मला मुलांना शिकवता येतं याचा मला मोठा अभिमान होता. त्या दिवशी तो बराच खाली आला.

बाबा स्टिअरिंगपाशी उभे होते. त्यांनी खिशातली किल्ली काढली.

"काढू का गाडी?"

"काढा," आई म्हणाली आणि नाक पुसलं.

कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. मी मागं बसले. शेवटी बाबांनी मला सोडायचं म्हणून गाडी पिपरी मेघेकडे वळवली. माझी दुचाकी त्यांच्याच अंगणात राहिली हे तिघांच्याही लक्षात आलं नाही. रविवारची दुपार, ऊन मवाळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाटेत एकही बकरी, सायकल किंवा ट्रॅक्टर आडवा आला नाही. तरी आई नालवाडीपासून माझ्या घरापर्यंत हॉर्न वाजवत होती, आणि बाबा तिला एका शब्दानं काही म्हणाले नाहीत.